एसेन ते लीज, एका दिवसाची टूर: पैसे वसूल, पण स्वेटर आणि डबा बरोबर ठेवा

आधीच सांगतो, टूर चालवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली दोन-चार तक्रारी आहेत आणि तो माणूस एकटाच आहे, सत्तरीच्या पुढचा, एक नऊ सीटर व्हॅन आणि तोंडाचा पट्टा एवढंच त्याचं भांडवल, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. ड्युसेलडॉर्फच्या आसपास राहणाऱ्यांनी चारचौघांत विचारलं तर कळेलच कोण ते.

टूरचा विषय म्हणजे पहिलं महायुद्ध पेटलं कसं. पण ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेव्होतला खून, राजे-महाराजे, तह-करार हे शाळेत झालेलं नाही, तर पोलाद, तोफा आणि रेल्वे. सकाळी ड्युसेलडॉर्फ स्टेशनच्या मागच्या बाजूने सुटायचं, एसेनला क्रुप या पोलाद आणि तोफा बनवणाऱ्या घराण्याचं साम्राज्य बघायचं, मग कोलोनचा रेल्वे पूल, मग बेल्जियममध्ये लीजजवळचा एक फुटलेला किल्ला, आणि रात्री परत. माणशी १४० युरो, जेवण धरून. जेवणाबद्दल नंतर बोलू.

आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि सासरे. सासरे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून इन्स्पेक्शनमधून रिटायर झालेले, दोन महिन्यांसाठी इकडे आलेत. त्यांना ऱ्हाइनकाठचे वाडे दाखवले, चर्च दाखवली, बोटीत बसवलं, सगळीकडे "छान आहे" म्हणाले आणि शेवटी एके दिवशी चहा पिताना म्हणाले, "अरे, ते सगळं ठीक आहे, पण एखादा कारखाना दाखव की." म्हणून ही टूर. मी स्वतः चिंचवडचा, इकडे एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो, म्हणजे कुठला माल कुठल्या मशीनवर कधी चढणार आणि कुठल्या ट्रकमधून कधी जाणार याच्या एक्सेल शीट बनवणं हाच धंदा. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

आम्हा पिंपरी-चिंचवडवाल्यांना क्रुप हे नाव नवीन नाही. जुनी माणसं अजून बकाऊ वुल्फ म्हणतात, साखर कारखान्यांची मशिनरी बनवायचे, नंतर पाटीवर क्रुप आलं. त्यामुळे लहानपणी मला क्रुप म्हणजे उसाशी संबंधित काहीतरी वाटायचं, आणि सासऱ्यांनाही बऱ्यापैकी तसंच. गाइडला हे सांगितलं तर तो इतका हसला की सिग्नल हिरवा झालेला त्याला कळला नाही.

पहिला स्टॉप एसेनमधलं क्रुपचं मूळ घर. छोटंसं, लाकडी चौकटीचं, आपल्याकडे गावात तलाठ्याचं असतं तेवढं. हे खरं तर नंतर तसंच्या तसं बांधलेलं आहे, मूळचं दुसऱ्या महायुद्धात बॉम्बखाली गेलं. १८११ साली फ्रीडरिश क्रुपने एसेनमध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला आणि १८२६ मध्ये कर्ज ठेवून वारला, मागे १४ वर्षांचा पोरगा आल्फ्रेड. तिथे उभं राहून गाइड सगळ्यांना एक प्रश्न विचारतो, क्रुपच्या जुन्या चिन्हात एकमेकांत अडकलेली तीन कडी आहेत ती कसली? आम्ही तिघांनी एका आवाजात सांगितलं, तोफांची तोंडं. चूक. ती रेल्वेच्या चाकांवर बसवायची पोलादी धाव आहे, सांधा नसलेली. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो तसलीच, पण एकसंध, जोड नाही, म्हणून वेगात फुटत नाही. १८५० च्या दशकात आल्फ्रेडने ती काढली आणि घराण्याचा पैसा आला तो ह्यातून, जगभर रेल्वे पसरत होती तेव्हा.

तोफा त्याने आधीच करून बघितल्या होत्या. १८४७ ला पोलादाची पहिली तोफ बर्लिनला पाठवली, लष्कराने ढुंकून पाहिलं नाही, ब्राँझच्या चांगल्या चालल्यात की म्हणाले. १८५१ ला लंडनच्या प्रदर्शनात त्याने दोन टनांचा पोलादाचा एकच सलग ठोकळा नेऊन ठेवला, शेजारी पॉलिश केलेली तोफ. लोक ठोकळा बघायला आले आणि तोफ बघून गेले. मग १८५९ ला प्रशियाने, म्हणजे बर्लिनच्या राज्याने, तीनशेच्या वर नळ्यांची ऑर्डर दिली, आणि १८७० ला फ्रान्सशी युद्ध झालं तेव्हा एका बाजूला क्रुपच्या मागून भरायच्या पोलादी तोफा आणि दुसऱ्या बाजूला तोंडातून ठासायच्या ब्राँझच्या. इथे सासऱ्यांनी गाइडला थांबवून बाकीच्या मंडळींना, दोन डच आणि एक कॅनडाचं जोडपं होतं, हाताने मागून भरायचं आणि पुढून ठासायचं यातला फरक करून दाखवला, शिपाई किती वेळा उठून पुढे जाईल, किती वेळ उघड्यावर राहील, सगळं. गाइड बाजूला उभा राहून ऐकत होता. माझ्या मते टूरमधली सगळ्यात भारी पाच मिनिटं ती, आणि ती १४० युरोत धरलेली नव्हती.

नंतर व्हिला ह्यूगल. २६९ खोल्या, २८ हेक्टरची बाग, खाली तळं, आणि पायथ्याला स्वतःचं रेल्वे स्टेशन. १८७३ ला पूर्ण झालं. आल्फ्रेडला आगीची भयंकर भीती, म्हणून दगड आणि लोखंड. घर म्हणवत नाही हो, एखाद्या रेल्वेचं हेडऑफिस वाटतं. बायको म्हणाली, "इथे झाडू मारायलाच किती बाया लागत असतील." गंमत अशी की हे घर नुसतं राहायला नव्हतंच, ही शोरूम होती. देशोदेशीचे राजे, वजीर, सेनापती इथे पाहुणे म्हणून यायचे, जेवायचे, आणि ऑर्डर देऊन जायचे. रशियाने घेतल्या, तुर्कांनी घेतल्या, बेल्जियमने घेतल्या. बेल्जियम लक्षात ठेवा.

इथे आम्हाला मिळाले पन्नास मिनिटं. ही माझी पहिली तक्रार. एवढ्या वेळात २६९ तर सोडा, दहा खोल्या धड बघून होत नाहीत.

इथेच त्याने १९०६ चा किस्सा सांगितला, तो मला फार आवडला. आल्फ्रेडची नात बर्था, बाप वारल्यावर सगळ्या कारखान्याची मालकीण झाली. तिचं लग्न १५ ऑक्टोबर १९०६ ला ह्याच घरात लागलं आणि लग्नाला खुद्द जर्मनीचा बादशहा कैसर विल्हेल्म हजर. कैसरने हुकूमच काढला की नवरदेवाने आपल्या नावाला क्रुप जोडायचं, म्हणजे तोफा बनवणाऱ्या घराण्याचं नाव बुडू नये. जावई सासरचं नाव लावतो आणि बादशहा त्याला सही देतो! सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ." आता ह्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, बर्लिनजवळ कोपेनिक गावात काय झालं, तर विल्हेल्म फोग्ट नावाच्या एका चांभाराने, जो अर्धं आयुष्य तुरुंगात काढून आलेला, जुन्या बाजारातून कॅप्टनचा युनिफॉर्म मिळवला, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना "माझ्यामागे या" म्हणाला, ते आले, रेल्वेने गावात गेला, नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरीतली रोकड पावती देऊन घेऊन गेला. कोणी विचारलं नाही की बाबा तू कोण. युनिफॉर्म दिसला की विषय संपला. सगळा देश हसला, म्हणतात कैसरसुद्धा हसला. गाइड म्हणाला की कारखान्यात तोफ बनते ती ह्या घरामुळे, पण तोफेला कोणी प्रश्न विचारत नाही ते त्या कॅप्टनमुळे. हे वाक्य त्याने शंभर टूरमध्ये टाकलेलं असणार, तरी पटलं.

त्याच १९०६ ला इंग्लंडने ड्रेडनॉट नावाची युद्धनौका पाण्यात सोडली, बारा इंची अशा दहा तोफा, टर्बाइन इंजिन, आणि तिच्यामुळे जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या, इंग्लंडच्या स्वतःच्यासुद्धा. नवीन मॉडेल आलं की आपला फोन जुना होतो तसं, फक्त इथे एका फोनला लाखो पौंड. मग जर्मनीने त्याच साइजच्या बांधायला घेतल्या, मग त्या उत्तर समुद्र आणि बाल्टिक जोडणाऱ्या कील कालव्यातून जाईनात, मग कालवा रुंद करा. तो रुंद झालेला कालवा कैसरच्या हस्ते उघडला २४ जून १९१४ ला, साराजेव्होच्या चार दिवस आधी. आणि ह्या सगळ्यात क्रुप कुठे? सगळीकडे. चिलखती पत्रा क्रुपचा, तोही असा की इंग्लंडची नेव्ही त्याच पद्धतीचा पत्रा लायसनवर वापरायची. पत्रा भेदणारा गोळा क्रुपचा, मग तो गोळा अडवणारा नवीन पत्रा पण क्रुपचा. कीलला जहाजं बांधायचा कारखाना क्रुपचा. जनतेत आरमाराची हवा तयार करायला जी आरमार संघटना होती तिच्यामागे पैसा पण क्रुपचा. १९१३ मध्ये लीबक्नेश्ट नावाच्या समाजवादी खासदाराने जर्मन संसदेत भांडाफोड केली की क्रुपचा बर्लिनमधला माणूस युद्धखात्यातल्या कारकुनांना चिरीमिरी देऊन गुप्त कागद मिळवतो. थोडी शिक्षा झाली, थोडा गवगवा झाला, ऑर्डरी चालूच. आपल्याकडे राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

कोलोनच्या वाटेवर लेव्हरकुसेन लागतं, बायर या औषध-रसायन कंपनीचा तो मोठा क्रॉस लांबून दिसतो, तिथे रंगाच्या रसायनांतून विषारी वायूपर्यंत कसे गेले हे त्याने गाडी चालवता चालवता पाच मिनिटांत उरकलं. व्हॅनचा मागचा हीटर बंद होता. बाहेर चार डिग्री. बायकोने शाल काढून वडलांना दिली आणि मला एक लुक दिला.

आता कोलोनचा पूल. होहेनझोलर्न पूल, त्या काळ्या मोठ्या चर्चच्या अगदी पाठीमागे, ज्याच्या जाळीला लोकांनी प्रेमाची कुलुपं लावलीत, हजारोंनी. कोलोनला गेलेल्या प्रत्येकाचा तिथे फोटो असतो, आमचाही आहे, आमचं पण एक कुलूप आहे तिथे कुठेतरी, २०१७ चं, सापडलं नाही. आता मला हे माहीत नव्हतं की १९११ ला उघडलेल्या ह्या पुलावरून (१९४५ ला जर्मनांनी माघार घेताना स्वतःच उडवला, नंतर परत उभा केला) १९१४ च्या ऑगस्टमध्ये काय गेलं. २ ते १८ ऑगस्ट, २१५० गाड्या, एकेका गाडीला ५४ डबे. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला, १७ दिवस, रात्रंदिवस, साधारण अकरा मिनिटाला एक. विरार लोकल यापेक्षा दाटीने धावते म्हणाल, पण विरार लोकलमध्ये घोडे नसतात. एका आर्मी कोअरला, म्हणजे साधारण चाळीस हजार माणसं म्हणा, १४० गाड्या लागायच्या, सहा हजारांवर डबे, आणि त्यात पायदळाला हजाराच्या आत डबे आणि घोडदळाला जवळपास तीन हजार. शिवाय रसद वेगळी. सासऱ्यांचा प्रश्न लगेच: "घोड्यांना पाणी कुठे पाजायचे?" गाइडचा चेहरा असा खुलला की काय सांगू. गडी आयुष्यभर रेल्वेत टाइमटेबल बनवायचा, हे मला तेव्हा कळलं. त्याने पाठपिशवीतून एक ग्राफ पेपर काढला, आडवा वेळ, उभी स्टेशनं, तिरक्या रेघा म्हणजे गाड्या, कुठली रेघ कुठे सपाट होते तिथे गाडी थांबते, तिथे पाणी, तिथे जेवण. हाताने काढलेला. पुलावर वारा सुटलेला, आमच्या मागून खऱ्या गाड्या धडधडत जातायत, आणि तीन म्हातारी-मध्यमवयीन माणसं कागद धरून उभी.

मी अशाच रेघा रोज काढतो. फक्त माझ्या गाडीत गिअरचे पार्ट असतात.

तर मुद्दा असा. जर्मनीचा प्लॅन होता की आधी पश्चिमेला फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचं आणि मग त्याच गाड्यांतून पूर्वेला रशियावर जायचं, कारण रशियाला सैन्य गोळा करायला वेळ लागतो. फ्रान्सच्या सीमेवर किल्लेच किल्ले, म्हणून बेल्जियममधून वळसा. वळशाच्या तोंडाशी लीज, सगळ्या रेल्वे लायनी तिथून जातात. म्हणून लीज पहिल्या काही दिवसांतच पाहिजे, नाहीतर मागून येणाऱ्या गाड्या तुंबणार. बाकीच्या देशांत सैन्य गोळा करणं म्हणजे सीमेवर नेऊन उभं करणं, तिथे थांबता येत होतं. जर्मनीच्या टाइमटेबलमध्ये सैन्य गोळा करणं आणि शेजारच्या देशात घुसणं हे एकाच शीटवर होतं, मध्ये गॅप नाही. आणि ही लीजवर झडप घालायची गोष्ट त्यांच्या चॅन्सेलरलासुद्धा (पंतप्रधानच म्हणा) अगदी ३१ जुलैला कळली! पूर्वेकडे जायचा पर्यायी प्लॅन आधी दरवर्षी बनवायचे, तो १९१३ ला बंद करून टाकला, दोन-दोन शीट कोण मेंटेन करणार.

रशियातही तेच. झारने २९ जुलैला पूर्ण भरतीचा, म्हणजे सगळं सैन्य गोळा करायचा, हुकूम मागे घेतला, कैसरशी तारांवर बोलणं चालू होतं, दोघं नात्यातले, एकमेकांना निकी आणि विली म्हणायचे. सेनापती म्हणाले अर्धवट भरती होत नाही, सगळं विस्कटेल, करायची तर पूर्ण. ३० तारखेला पूर्ण.

आणि १ ऑगस्टला संध्याकाळी कैसरला लंडनहून निरोप आला, चुकीचाच निघाला नंतर, की फ्रान्सवर गेला नाहीत तर इंग्लंड-फ्रान्स गप्प बसतील. कैसर खुश. लष्करप्रमुख मोल्टकेला म्हणाला, चला, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणाला होणार नाही, एकदा ठरलेलं बदलता येत नाही, वळवलं तर पूर्वेला सैन्य नाही, अन्नपाण्याशिवायचा नुसता जमाव पोचेल. कैसर म्हणाला, तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं. काका म्हणजे थोरला मोल्टके, १८७० च्या युद्धातला सेनापती. हा टोमणा त्या माणसाला मरेपर्यंत बोचत राहिला.

गाइडचं म्हणणं इथून असं की बघा, टाइमटेबलने युद्ध केलं, माणसं हतबल. आणि इथे माझं त्याचं पटलं नाही. कारण पुढे त्यानेच सांगितलं की हे "होणार नाही" ऐकून रेल्वे विभागाचाच एक अधिकारी, स्टाब नावाचा, असा भडकला की १९२५ ला त्याने पुस्तक लिहून दाखवून दिलं की सांगितलं असतं तर बऱ्याच सैन्याच्या गाड्या दोन आठवड्यांत पूर्वेला वळवून दिल्या असत्या. म्हणजे होत होतं! मी वीस वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे, मला माहितीये "सिस्टीममध्ये बसत नाही" याचा अर्थ काय असतो. कस्टमर शुक्रवारी फोन करतो की सोमवारचा माल थांबवा, आणि मी म्हणतो शक्य नाही, लाइन लोड झालीय. शक्य असतं. माझा शनिवार जातो, चार लोकांना फोन करावे लागतात, वरच्याला सांगावं लागतं की आपला प्लॅन चुकला, म्हणून शक्य नसतं. हे मी गाइडला बोललो. तो म्हणाला, "पण तुझ्या ट्रकमध्ये गिअर असतात." मी म्हटलं हो, तेच तर म्हणतोय. मग आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो, आणि कॅनडावाल्या बाईने विचारलं जवळ टॉयलेट कुठे आहे. (स्टेशनात, पैसे पडतात. टूरमध्ये ह्याचा काही विचार केलेला नाही, नोंद घ्या.)

जेवण. व्हेज सांगितलं होतं बुकिंगच्या वेळी, तीनदा. आलं काय तर बटर लावलेला पाव, त्यात चीजची एक चकती आणि काकडीचे तीन तुकडे. बाकीच्यांच्या पावात मटणाबिटणाचं काहीतरी होतं. बायकोने आदल्या रात्री थालीपीठं आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती म्हणून निभावलं. गाइडने पण एक खाल्लं, मग दुसरं मागितलं.

कोलोनहून लीज सव्वाशे किलोमीटर. सीमेवर हर्बेस्थाल नावाचं गाव लागतं, तिथे गाडी हळू केली. १९१४ ला एसेनहून निघालेली जाडी बर्था इथपर्यंत रेल्वेने आली, पुढे बेल्जियनांनी बोगदा उडवलेला, म्हणून रस्त्याने ओढत नेली. जाडी बर्था म्हणजे क्रुपची ४२ सेंटिमीटरची तोफ, नाव त्याच लग्नातल्या बर्थाचं. लीजला अशा दोनच आल्या. गोळा आठशे किलोच्या आसपास, पल्ला नऊ किलोमीटर.

लीजभोवती १२ किल्ले, ब्रियालमाँ नावाच्या बेल्जियन इंजिनिअरने १८८८ पासून बांधलेले, जमिनीत गाडलेलं काँक्रीट आणि वर पोलादी घुमट. आता बेल्जियम आठवा. ह्या किल्ल्यांतल्या मोठ्या तोफा क्रुपच्या. बेल्जियमने पैसे मोजून घेतलेल्या. म्हणजे ऑगस्ट १९१४ ला एसेनच्या तोफांवर एसेनच्या तोफा चालल्या, आणि बिल दोन्हीचं आधीच वसूल.

आम्ही बघितला तो लोंसँचा किल्ला. इथे मात्र वेळ भरपूर दिला, दीड तास, आणि लागतोच. काँक्रीट बघून सासरे आधी थांबले. लोखंडी सळई नाही त्यात. शिवाय त्या काळी रात्री उजेडाची सोय नाही म्हणून काम दिवसाच चालायचं, संध्याकाळी ओतणं बंद, सकाळी वाळलेल्यावर पुढचं. आपल्याकडे स्लॅब टाकताना काँट्रॅक्टर रात्रभर मिक्सर चालू ठेवतो तो ह्यासाठीच, थर नीट सांधत नाहीत नाहीतर. आणि डिझाइन २१ सेंटिमीटरच्या गोळ्यापर्यंतचं, कारण तेव्हा त्याहून मोठी तोफ रस्त्याने आणता येते असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पंचवीस वर्षांत साइज डबल झाली.

१२ ऑगस्टला बर्थाने पहिला गोळा टाकला लीजच्याच दुसऱ्या एका किल्ल्यावर, आणि १५ ऑगस्टला संध्याकाळी लोंसँच्या दारूगोळ्याच्या कोठारात एक गोळा उतरला. बारा टन दारू. साडेपाचशेच्या आसपास माणसं आत, साडेतीनशे जागच्या जागी गेली. त्यातली बरीचशी अजून तिथेच आहेत, ढिगाऱ्याखाली, कधी बाहेर काढलीच नाहीत, म्हणून ही जागा कबरस्तान पण आहे. बेल्जियन सेनापती लेमान बेशुद्ध सापडला. मधोमध खड्डा आहे, आणि खोलीएवढे काँक्रीटचे तुकडे उलटेपालटे पडलेत, वर गवत. एक पोलादी घुमट उपडा होऊन कासवासारखा पडलाय. फोटो काढता येतात, आम्ही नाही काढले. आत बोगदे ओलसर, पायऱ्या निसरड्या, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्या. मुलांना नका नेऊ, दहाच्या खालच्या तर नकोच.

तिथेच कठड्यावर बसून त्याने शेवटचा किस्सा सांगितला. गोळ्याच्या नाकाला जो फ्यूज असतो, ज्याने गोळा फुटतो, त्याचं पेटंट क्रुपचं, ते युद्धाच्या बरंच आधी इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने लायसनवर घेतलेलं. मग चार वर्षं जर्मन पोरांवर इंग्लिश गोळे पडत होते आणि फ्यूजवर क्रुपच्या पेटंटची खूण. युद्ध संपल्यावर क्रुपने व्हिकर्सकडे रॉयल्टी मागितली. १९२६ ला ४०,००० पौंडांवर तडजोड झाली. सासऱ्यांनी एकतीस वर्षं असलेच नग हातात घेऊन, गेज लावून, पास-फेल केलेले. ते हसले, चांगले मोठ्याने हसले, "रॉयल्टी!" म्हणाले, परत हसले. मग चष्मा काढून पुसत बसले बराच वेळ.

परतीच्या वाटेवर अंधारात ते बोलले. त्यांचं गाव साताऱ्याकडचं. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजांनी बसवलेली, ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. अशा पाट्या त्या भागात बऱ्याच गावांत आहेत. लहानपणी ते त्या पाटीखाली बसून गोट्या खेळायचे आणि इंग्रजी यायला लागल्यावर पहिलं वाक्य वाचलं ते तिचं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात होत्या, कुटच्या वेढ्यात सापडल्या, १९१६ ला घोड्याचं मांस खाऊन दिवस काढले. "ते कुठे आणि ही बर्था कुठे," एवढंच म्हणाले आणि झोपले. मी मागे हीटर लागतोय का बघत होतो.

गाइडला मी एक प्रश्न मुद्दाम विचारला, की दुसऱ्या महायुद्धाचं क्रुप तू का नाही दाखवत, गुलाम कामगार, १९४८ ला आल्फ्रीड क्रुपला झालेली १२ वर्षांची शिक्षा आणि १९५१ ला सुटका. तो म्हणाला ते सगळ्यांना माहीत असतं आणि तिथे खलनायक शोधावा लागत नाही, म्हणून मला १९१४ आवडतं, इथे सगळे आपापलं काम नीट करत होते. उत्तर ठीक आहे पण मला अर्धवट वाटतं, वाटेत अर्धा तास त्याला द्यायला हरकत नव्हती. आमच्याकडे आता पुण्यातच १५५ एमएमच्या तोफा बनतात, गाववाल्यांना अभिमान आहे, मलाही आहे, ओळखीची पोरं तिथे कामाला आहेत. त्या दिवशी ही गोष्ट मी सांगितली नाही गाइडला. का ते नक्की सांगता येणार नाही.

तर स्टार चार. एक कापला हीटर, काकडी आणि व्हिला ह्यूगलच्या पन्नास मिनिटांसाठी. माहितीला पाच, व्हॅनला दोन. इंग्रजी बोलतो पण जर्मन वळणाचं आणि माइक नाही, म्हणून पुढच्या सीटा पकडा. कार्ड चालत नाही, रोख लागते, सुट्टे ठेवा. बुकिंग फोनवरच, दुपारी एक ते तीन उचलत नाही. तीन आठवडे आधी करा, शनिवार लवकर भरतात. थालीपीठ न्या, आणि एक जास्तीचं न्या.